अजून काही राहिलंय का?

शनिवार, ९ ऑगस्ट

बाबा, आज मला सुट्टी होती. सकाळी तुमच्या नातीच्या शाळेत पालकसभा झाली. ती नववीत आहे. दुपारी जेवणं झाली, मग मायलेकी बाहेर गेल्या आणि मी घरी आहे. शाळेने मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. ‘मनातलं घरी कोणाला सांगता?’ यापुढे तिने लिहिलं होतं, ‘कोणालाच नाही.’ बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, “आपणच वाचा. मी काही बोलत नाही.” बोलल्या असत्या तर कमी लागलं असतं.

मी खराडीच्या एका कंपनीत आहे. ग्राहकाच्या तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. ते लवकरात लवकर बंद करायचं, हे माझं काम. शाळेबाहेर आल्यावर मी लेकीला विचारलं, “मला का नाही सांगत?” तर म्हणाली, “बाबा, तू ऐकतोस कुठे? तू तिकीट क्लोज करतोस. माझं वाक्य संपायच्या आत तुझं सोल्यूशन तयार.”

मला माझी नववी आठवली. आपण खडकीला क्वार्टरमध्ये राहायचो. परीक्षेत कॉपी करताना मी पकडला गेलो होतो. घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्या कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिलो. भोंगा होतो. झडती देऊन तुम्ही सायकल घेऊन बाहेर येता, मला बघता आणि इथे कशाला आलास असं विचारतही नाही. एरवी मला मागे बसवणारे तुम्ही सायकल हातात धरून चालायला लागता. मी पोटदुखीचं सांगितलं. “बरं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, सरांविषयी काहीबाही सांगितलं. “बरं.” तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, “अजून काही राहिलंय का?” तेव्हा मी खरं ते सांगितलं. “बरं. उद्या मी शाळेत येतो.” शाळेची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून तुमच्या खिशात होती, हे आईने तुम्ही गेल्यावर सांगितलं. त्याआधी कॉलेजात असताना मी तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो, “तुम्हाला आमचं काही पडलेलं नाही.” त्यावरही तुम्ही “बरं” म्हणालात.

मी ठरवलं आहे. सोमवारपासून तिला क्लासहून आणायला मी चालत जाणार. मीटिंग असली तर मीटिंग पुढे जाईल, आजवर तिचीच वेळ पुढे जात आली. आज शाळेतून येतानाही रिक्षा केली नाही. निम्मा रस्ता ती दोन पावलं पुढे चालत होती. मग म्हणाली, मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलंय. मी तोंड मिटून चाललो. बऱ्याच वेळाने विचारलं, “अजून काही?”

“आत्ता नाही. आणि असा नाटकी चेहरा करू नकोस.”

सोमवारी जाणार, मंगळवारीही. ती काही बोलली नाही तरी जाणार.

एक कबूल करतो. सोसायटीच्या दाराशी न राहवून मी म्हणालोच, “त्यांच्या आयांशी बोलू का?” ती तडक जिना चढून गेली. तुम्ही तीन दिवस कसे थांबलात? मी खरं सांगणारच नाही, अशी भीती वाटली नाही का? मी कधी विचारलं नाही.

हा कागद पाठवायचा कुठे? घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवतो. सहा वाजत आले. तांदूळ धुऊन कुकर लावतो.