मुराळ्याची गाडी

१२ फेब्रुवारी, बुधवार
धुळ्याहून संध्याकाळी परत. अंग आंबलंय. अक्काला भेटून आलो. दिवाळीत मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंडी पट्टी टाकली, तेव्हापासून मुलाच्या, दिलीपच्या घरी मागच्या खोलीत पडून आहे. धरून उठवलं तर खाटेच्या कडेला बसते, तेवढंच.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, विषय मीच काढला. यंदाही तिला माहेरी न्यायला मुराळी मीच येणार म्हटलं. तर भाचा चार लोकांदेखत म्हणतो, "मामा, त्या धुरांड्यात आईला घालणार? भडगावला पोचेस्तोवर हाडं पोत्यात भरून उतरवावी लागतील." सगळे हसले. अक्काची सूनबाईसुद्धा. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग म्हणाला, माझ्या कारमध्ये तिला आडवं करता येत नाही, तुमची व्हॅन लांब आहे पण हाडं खिळखिळी करते. अंग न हलता चालली तर खुशाल न्या.

निघताना अक्कानं बोट धरून ठेवलं. "भाऊ, आखाजीले येसू मी. झोका बांधी ठेवजो."
कूस वळत नाही, आणि झोका. बरं, बांधू.

१३ फेब्रुवारी
डोक्यात तेच. अक्काचं लग्न झाल्यापासून तिला आखाजीला आणायला मीच जातो. आधी बैलगाडी, मग एस.टी., मग ही व्हॅन. मुराळी आल्याशिवाय ती कधी माहेरी निघाली नाही. मुराळ्याला जेवू घालायचं आणि पानावरच विचारायचं, परत कधी आणून घालणार? तिची सासू म्हणायची आठ दिवसांत. मी म्हणायचो मृग लागल्यावर. बैलबाजारासारखी घासाघीस. सासू गेली, दाजी गेले, आता दिलीप विचारतो. ती बोली ठरल्याशिवाय अक्का उंबरा ओलांडत नाही. सासरी आपली कुणाला तरी गरज आहे, असा तिचा हिशेब.

म्हणजे गाडी ठीक करायची. नवी घ्यायची आपली ऐपत नाही. आहे तिलाच माणसात आणायचं.

१५ फेब्रु.
पारोळा रोडला रफिककडे नेली. डिझेलपंपाचं काम तोच करतो. चालू करून दाखवली तर सगळा काळा धूर त्याच्या चहात. म्हणाला, "नाना, हिला मिस्तरी नको, चार खांदेकरी बघा."
पंप, नोझल, पिस्टन सगळं उतरवायचं म्हणाला. आकडा ऐकून मी त्याचाच उरलेला चहा पिऊन टाकला. शेवटी असं ठरलं की नोझल त्यानं तपासायचे, बाकी मी करीन. निम्मे नोझल डिझेलचा फवारा मारायच्या ऐवजी म्हाताऱ्यासारखे थेंब थेंब गळतात, असं म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.

१८ फेब्रु.
हवेची जाळी उघडली. कापसाचे पुंजके, धूळ, आणि मधोमध उंदरीचं घर, लालबुंद पिल्लांसकट. गाडीला श्वासच नव्हता, धूर नाही काढणार तर काय करील. पिल्लं अलगद चिंधीवर काढून भिंतीवर ठेवली. हात धुऊन येतो तोवर कावळ्यानं सुरुवात केली होती. उंदरी चाकाखालून बघत होती.
नवी जाळी बसवली. धूर निम्मा.

२२ फेब्रु.
नोझल आले. व्हॉल्व्हचं अंतर मीच बसवलं, पातळ पट्टी सरकवून. लांब पेचकस कानाला लावून इंजिन ऐकलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, दाराला कान लावून भांडण ऐकतात तसंच आहे. टकटक गेली. पण थरथर आहे तशीच. इंजिनाखालचे रबर जुन्या चपलेसारखे चपटे झालेत, तिथूनच.
सौ. म्हणाली, माझ्या गुडघ्यांना कधी असा कान लावला नाही.
खरं आहे. लावायला हवा.

२६ फेब्रु.
जळगावला वांगी टाकली, येताना जुन्या बाजारात मोडक्या गाडीचे रबर मिळाले. आपल्या गाडीचे नव्हते, घासून बसवले. आता इंजिन चालू असताना आरशात तोंड दिसतं. आधी नुसता गोरा डाग दिसायचा.

२ मार्च, रविवार
परीक्षा ठरवली. अक्काचा खुबा जिथे येईल तिथे घागर ठेवायची, गळ्यापर्यंत पाणी भरून. गिरणेच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. आलो तेव्हा घागरीत चार बोटं पाणीसुद्धा नव्हतं, बाकी सगळं माझ्या पाठीवर. चहाच्या टपरीवर सुकदेव आबा ओरडला, "नाना, गाडीला पाणी पाजून आणलं का?" दिवसभर तेवढंच चाललं त्यांचं.

६ मार्च
चुकलो. ओढ वाढावी म्हणून वरचं कॅरिअर, मागच्या सीटा, लोखंडी पेटी, सगळं उतरवून गाडी हलकी केली होती. ओढ आली, पण रिकामी गाडी कोकरासारखी उड्या मारते. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी मालासाठी आहेत, म्हातारीसाठी नाहीत. दोन पाटे काढले, बाकीच्यांना ग्रीस चोळलं. खाली सरकीची पोती पसरली. टायरमधली हवा थोडी उतरवली.
घागर निम्मी आली.

१४ मार्च, धूळवड
धुळ्याला फोन. सूनबाई म्हणाली, आई झोपल्यात. पाठीमागून अक्काचा आवाज येत होता, कोण आहे गं, कोण आहे. सूनबाई म्हणाली, रॉंग नंबर.
मला ऐकू येतंय हे तिला माहीत नसावं. किंवा असावं.

३० मार्च, पाडवा
गाडीला साखरेची गाठी घातली. पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. पुलाच्या चढाला पूर्वी दुसऱ्या गिअरला आणून नवस बोलावा लागायचा. आज तिसऱ्यातच चढली, धूर नाही, कुरकुर नाही. डिझेलही कमी प्यायली. घागरीतलं पाणी चूळभर सांडलं असेल.
रफिकला मुद्दाम दाखवली. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, विकायची असेल तर सांगा. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

५ एप्रिल
दिलीपचा आपणहून फोन. गाडी कुठवर आली मामा? सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, टिंगल नाही. टायर जुने आहेत म्हटल्यावर म्हणाला, नवे टाका, पैसे मी पाठवतो. आणि पाठवले.
डोळ्यात पाणी आलं. पोरगं तोंडाचं फटकळ, आतून मऊ. सौ.ला सांगितलं तर म्हणते, दिलीपला तुमच्या टायरची काळजी कधीपासून?
बायकांचा संशयी स्वभाव.

१३ एप्रिल
परत दिलीप. खाट मावेल का विचारत होता. म्हटलं खाट कशाला, गादी आहे. नाही म्हणाला, तिला तिच्या खाटेची सवय. बरोबर आहे. टेप घेऊन मोजलं. मागचं दार काढलं तर मावते. कळवलं. फार खूश झाला. आखाजीची वाट कशाला पाहता, दोन दिवस आधीच या म्हणाला.

२८ एप्रिल, सोमवार
पहाटे निघालो, उन्हाच्या आत धुळे. घागर बरोबर घेतली होती. दिलीपच्या दारात उतरवून त्याला दाखवली. बघ, गळ्याला पाणी. त्यानं वाकून पाहिलं, "वा मामा." अक्काला आतून ऐकू आलं असणार.

जेवण चांगलं केलं. आमरस. पानावर बसलो, आता विचारेल, मग विचारेल. मी मनात आकडा धरून बसलो होतो. मृग म्हणायचं, मग थोडं खाली यायचं. रस संपला, हात धुतले, सुपारी दिली. दिलीप गाडी लावायला जागा करतो म्हणून बाहेर गेला. सूनबाई भांडी आत घेऊन गेली.
कुणी विचारलं नाही.

मग सामान निघायला लागलं. खाट. भोकाची खुर्ची. काठी. दवाखान्याच्या फायली. तिची पेटी. दुसरी पेटी. हिवाळ्याची रजई. ऐन उन्हाळ्यात. शेवटी दाजींचा फोटो, हारासकट, भिंतीवरच्या खिळ्यासकट सुतळीत गुंडाळलेला. मी सूनबाईला म्हटलं, फोटो राहू दे ना इथे. ती म्हणाली, "त्यांच्याशिवाय आईंना करमत नाही."
मी सगळं लावून दिलं. माणूस काय करतो अशा वेळी. दोऱ्या बांधतो.

गाडीत अक्का झोपून होती. फागणे गावाच्या पुढे म्हणाली, "भाऊ, गाडी पाळणासारखी चालस."  मग, "दिलीपनी किती दिवसनी बोली करी?"
मी म्हटलं, मृगापर्यंत.
"इतला दिवस?" म्हणाली. हसली. "त्याले करमाव नही."
घागरीतलं पाणी थेंबभर सांडलं नाही.

२८ एप्रिल, पुन्हा
सौ. दारात ओवाळायला उभी होती. भोकाची खुर्ची उतरताना पाहिली, फोटो पाहिला. ओवाळलं, आत गेली, धान्याची खोली रिकामी करायला लागली. मी पोतं धरायला गेलो तर हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच गाडी मऊ करून दिली त्यांना. पहिल्यासारखी खडखडत असती तर त्यांना धाडायची हिंमत झाली नसती."
मी पोतं उचलून ओसरीत ठेवलं. अक्काला उद्यापासून उचलणं, पुसणं हिलाच करावं लागणार, दुखऱ्या गुडघ्यांनी. 

३० एप्रिल, आखाजी
घागर पुजली, वर डांगराचं फळ ठेवलं. तीच घागर.
निंबाला झोका बांधला. खाट ओसरीत आणून ठेवली, अक्काला दिसेल अशी. झोक्यावर बसता येत नव्हतं तर म्हणाली, रिकामा हलव. रिकामा झोका हलवत राहिलो. बघता बघता झोपली.

३ मे
दिलीपला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तूच सांग, कधी आणून घालू.  मग म्हणाला, मागची खोली भाड्यानं दिली मामा, एक तारखेपासून. तिथे तिला मोकळी हवा आहे. तिचंही मन रमेल. मी म्हटलं, तिला सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकते ती. आणि दवाखाना लागला तर तुमची गाडी आहेच की आता."
गाडी आहेच की आता.

११ मे
अक्काला सांगायला गेलो. ती सौ.ला सांगत होती, दिलीपला खालच्या आवाजात हाक मारली तरी कळतं, लहानपणापासून. परत आलो.

२६ मे
रोज दिवस मोजते. मृग जवळ आला, म्हणते. गाडीचं तेल बदललं का, विचारते. बदललं. दुसरं काही सुचत नाही म्हणून गाडी पुसत बसतो. सुकदेव आबा म्हणतो, नाना, एवढी पुसली तर खालचं लोखंड दिसेल.

८ जून, रविवार
मृग. अक्का सकाळीच वेणी घालून खाटेच्या कडेला तयार. धुतलेलं लुगडं, काठी हाताशी. सौ.कडून दाजींचा फोटो उतरवून मांडीवर घेतलेला.
मी अंगणात गेलो. झाकण उघडून नोझलच्या नळ्या सोडल्या, फडक्यात गुंडाळून सरकीच्या कोठीत टाकल्या. मग चावी फिरवली. तिला ऐकू जाईल असं. घर्र घर्र घर्र. परत फिरवली. पहिल्या फटक्यात पेटणारी गाडी.
"बिघडनी?"
बिघडली, म्हटलं.
"रफिकले बलाव."
तो गावाला गेलाय म्हटलं.

मग म्हणाली, "दिलीपले सांगी दे. गाडी बिघडेल शे, नही ते मी आजच येत होती. वाट दखत व्हई तो."
फोन कानाला लावून अंगणात बोललो. कुणाला लावलेला नव्हता. जरा मोठ्यानं बोललो, खिडकीतून जाईल असं.

आत आलो तर तिनं फोटो सौ.कडे परत दिला होता. तो काय म्हणाला, हे विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघत होती, डिझेलनं काळे झालेले. म्हणाली, "गाडीनी घाई नको करू, भाऊ. सावकाश करजो."

आता नळ्यांना तेलाचा बोळा फिरवतो आहे. कोठीत ओल असते, गंज चढेल.