चाकूरचा भोंगाबंदी करार

बिलोली, १२ जुलै २०२६

चि. धोंडप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला तर तू नुसतं "आं? आं?" करतोस, म्हणून कागद घेतला. वैजनाथचीही तीच गत. दोघं सख्खे भाऊ, बांधाला बांध, आणि भोंग्यांपायी दोघांचेही कान गेले. बोलणं तर त्याच्या आधीच बंद.

वैजनाथच्या दानम्मानं मला सगळं कळवलं आहे. मक्यातली रानडुकरं हाकलायला तू वाघाच्या डरकाळीचा भोंगा बसवलास. डुकरं तुझ्याकडून उठली ती वैजनाथच्या मक्यात शिरली. मग त्यानं दोन बसवले आणि त्यात दानम्माचं ओरडणं भरलं. बायकोचा आवाज वाघापेक्षा लांब जातो असं तो सांगत फिरतो म्हणे. दानम्मानं हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, तिला त्याचा अभिमानच दिसतो. त्यावर तू चार केलेस. आता शेजारचा लिंबाजीही लातूरहून एक घेऊन आला. त्याच्या रानात मक्याचं धाट नाही. सगळ्यांकडे आहे तर आपल्याकडंही असावा, एवढंच त्याचं म्हणणं.

आता माझं ऐक. सतरा ऑगस्टला पंचमी. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुम्ही दोघं. एकाकडे उतरले तर दुसरा रुसणार, आणि एक दार उघडं, एक बंद, असं माहेर मला नको. दोघं मिळून न्यायला आलात तर येईन. नाहीतर या वर्षी पंचमी इथंच. लिहिताना वाईट वाटलं, पण लिहिलं.

माझी लेक मंजुषा कॉलेजात बॉम्बबंदीच शिकवते. तिला तोड काढायला सांगितलं आहे.

मायेत खंड नको,
तुझी अक्का, पार्वतम्मा

लातूर, १८ जुलै

ती. धोंडप्पामामास मंजुषाचे शरणु शरणार्थी. वि. वि.

अव्वानं मला मध्ये घातलं आहे. मामा, तुमचं नवीन काही नाही. एका देशानं अणुबॉम्ब केला, दुसऱ्याची झोप उडाली, त्यानं केला. मग तिसऱ्यानं. पाच जणांकडे झाल्यावर करार निघाला, की आता बाकीच्यांनी करू नये आणि आम्ही आमचे कमी करायची बोलणी करू. पहिला भाग त्यांच्या अजून चांगला लक्षात आहे.

आपला करार असा. नवा भोंगा कुणी आणायचा नाही. लिंबाजीकाकांना मी भेटले, तुम्ही दोघांनी ठेवला तर आपणही ठेवणार, असं ते म्हणाले. म्हणून तुम्ही आणि वैजनाथमामांनी एकाच दिवशी भोंग्यांच्या सगळ्या बॅटऱ्या गावच्या मठात आणून द्यायच्या. कपाटाला लाखेची मोहोर लावू. दर रविवारी मी येऊन मोहोर बघेन, आणि शेतही बघेन. जगातही असे तपासनीस असतात. त्यांना मात्र जेवायला कुणी आग्रह करत नाही.

मामींना नमस्कार. भाचीवर जीव असू द्या.

मंजुषा

चाकूर, २५ जुलै

चि. मंजुषास मामाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझा करार वाचला. तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचून दाखवला, त्यामुळे गल्लीनंही ऐकला. माझी हरकत अशी, की हा करार सारखा नाही. ओढा माझ्या अंगाला आहे, डुकरं आधी माझ्याकडे येतात. आपल्या देशानंही तो मोठा करार असमान म्हणून सही केली नाही, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग मामानंच का करावी?

तरी माझं धोरण स्वच्छ आहे. मी आधी वाजवणार नाही. वैजनाथनं वाजवला तर मात्र सोडणार नाही. अडचण एवढीच, की आता मला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यानं वाजवला का नाही ते कळत नाही. म्हणून मी धरून चालतो, की वाजवला.

पण मामीनं बजावलं आहे, की अक्का आली नाही तर पुरणाची दिंडं होणार नाहीत. मलाही अक्काविना पंचमी गोड लागणार नाही. बॅटऱ्या देतो. माझ्याकडे तीनच आहेत. चौथी बिघडली, ती फेकून दिली.

येत जा, घर तुझंच आहे.
तुझा धोंडप्पामामा

लातूर, १० ऑगस्ट

ती. अव्वास मंजुषाचा नमस्कार. वि. वि.

काल तपासणी झाली. मठातली मोहोर शाबूत होती, कपाटात बॅटऱ्याही होत्या. मग शेतात गेले. धोंडप्पामामांच्या कडब्याच्या गंजीत चौथा भोंगा निघाला, चालू बॅटरीसकट. तो भजनासाठी ठेवला आहे म्हणाले. वैजनाथमामांच्या गोठ्यात, घमेल्याखाली, नवा कोरा तिसरा. तो लग्नकार्यासाठी. शांततेच्या कामाला म्हणून देशही असंच सांगतात, त्यामुळे मला वर्गात असल्यासारखं वाटलं.

दोघांनाही आनंद झाला, कारण दुसरा लबाड निघाला. करार मोडला. एका गाडीत बसणार नाही, असं दोघंही वेगवेगळं सांगून गेले. मी हरले, अव्वा. तेवढी अट सोडशील का?

तुझी माया आहे तोवर माझं बरंच आहे.
मंजुषा

चाकूर, १८ ऑगस्ट

चि. मंजुषास अव्वाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी माहेरी आले आहे. अट सोडली नाही.

झालं असं. दुसऱ्याच्या आधी जाऊन अक्काला आपल्याच घरी आणायचं, असा दोघांनीही मनात बेत केला आणि सोळाला पहाटे घरात न सांगता निघाले. चाकूरहून सकाळची गाडी एकच. गर्दीत कंडक्टरनं दोघांना एकाच बाकावर कोंबलं. अहमदपूरला गाडी बदलली, तिथंही तेच. माझ्या दारात दोघं उभे, एकमेकांकडे पाठ करून. आम्ही मिळून आलेलो नाही, असं दोघंही ओरडून सांगत होते. मी म्हटलं, एका गाडीतून दोन भाऊ उतरले, मला तेवढं पुरे. आणि पिशवी उचलली.

दोघांच्या पिशव्या मात्र भलत्या जड. विचारलं तर कळलं, की लपवलेली बॅटरी प्रत्येकानं बरोबर आणली होती. मागं ठेवली तर दुसरा पळवील, ही भीती. दुसरा आपल्याच शेजारी बसला आहे हे काही लक्षात आलं नाही.

चाकूरला पोचायला रात्र झाली, बॅटऱ्या पिशव्यांतच राहिल्या. तेव्हा त्या रात्री दोघांच्या रानात एकही भोंगा वाजला नाही. पंचमीला सकाळी वारुळाला जाताना आम्ही तिघं बांधावरून गेलो. मका दोन्हीकडे आडवा झाला होता. इकडे जेवढा, तिकडे तेवढाच. मला वाटलं, आता सणाच्या दिवशी भांडण पेटणार. पण वैजनाथ, भावाशी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, त्याच्या कानाशी जाऊन बोलला:

"जाऊ दे, दादा. पंचमी हाय. डुकरंबी माहेरी आली असतील."

धोंडप्पाला ते एकदाच सांगून ऐकू आलं.

सवड काढून ये, सगळे वाट बघतात.
तुझी अव्वा