जादा टोपण

९ मार्च

ती. बाबांना,

नमस्कार. वाकूनच केलाय, पण पत्र ताठ मानेने लिहिते आहे.

आईचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीतला पंखा अजून तुमच्या वेळेसारखाच कुरकुरतो.

तुम्ही जोडलेला गॅमा किरणांचा डिटेक्टर सध्या माझ्या टेबलावर आहे. संगणकात मी त्याचा जुळा भाऊ बांधला. किरण आदळला की लुकलुकणारा तोच स्फटिक, त्यावर तुमच्या आराखड्यातलं एक मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं टोपण. त्यावर कोट्यवधी किरण सोडले. जोरकस किरणांचे आकडे जुळले. कमजोर किरण मात्र खरा डिटेक्टर शंभरात अकरा कमी मोजतो.

साहेब म्हणाले, "एका आकड्याने गुणून टाका आणि मोकळ्या व्हा." मी नाही म्हटलं. याच्यावर लोकांच्या पिण्याच्या पाण्यातला किरणोत्सर्ग तपासतात!

परवा फोनवर तुम्हीही तोच सूर लावलात. "अगं, संगणकात काय खरं असतं? सोडून दे." मोजल्याशिवाय लिहू नकोस, असं जन्मभर बजावणारे तुम्ही! तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

मग संगणकातलं टोपण दीड मिलिमीटरने जाड केलं. सगळं जुळलं. खऱ्या डिटेक्टरचा एक्स-रे काढला, तर टोपणावर टोपण. आतलं चेपलेलं. सांधा इतका साफ घासलाय की असं काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही.

आता टाळत होते ते लिहिते. मी अकरा वर्षांची होते. सुट्टी म्हणून तुम्ही मला कामावर नेलं होतंत. माझं कोपर लागून हाच डिटेक्टर खाली पडला. "काही नाही झालं, रडू नकोस," म्हणालात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी कधीच विचारलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं.

साहेब म्हणतात, जुनं उकरलंत तर वडिलांचं नाव जाईल आणि तुमची नोकरीही. जाऊ दे गेली तर. उद्या अहवाल देते आहे. जादा टोपण, दीड मिलिमीटर, जुने सगळे आकडे पुन्हा तपासावेत. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "मी पाडला. वडिलांनी झाकला." माझं नाव आधी आहे. रागवा हवं तेवढं, पण खोडायला सांगू नका.

सोळा वर्षं मला पाठीशी घातलंत. पुरे झालं. पत्र आजच माणसाच्या हाती पाठवते आहे. उद्या अकरा वाजता प्रयोगशाळेत या, आणि माझ्या शेजारी उभे राहा.

तुम्हीच शिकवलेली,
मोजून लिहिणारी,
तुमची लेक