राहिलेला रोजा

हैदराबाद,
श्रावणी सोमवार, २७ ऑगस्ट १९४५

तीर्थरूप अप्पांच्या चरणी वीरभद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. अव्वालाही नमस्कार. इकडे मी आणि शब्बीर खुशाल आहोत. अव्वाचे गुडघे आणि दुकानातली गिऱ्हाइकी कशी आहे ते कळवावे.

युनिव्हर्सिटीचं काय सांगू? इमारत एवढी मोठी की एका वर्गातून दुसऱ्यात पोचेपर्यंत तिथला तास अर्धा झालेला असतो. गणित, रसायन सगळं उर्दूत. शब्बीर मला उर्दू समजावतो, मी त्याला गणित. दोघेही मास्तर म्हणून वाईट, पण चाचणीत दोघेही पास झालो.

आमचे अड्डे दोन. एक इराण्याचं हॉटेल. तिथं कोपऱ्यातलं टेबल परंड्याच्या पोरांचं म्हणून ठरून गेलंय. मी फक्त चहा घेतो. बिस्किटात अंडं असतं, म्हणून माझी बिस्किटं शब्बीर खातो. त्याला माझ्या धर्माची फार काळजी! दुसरा अड्डा हॉस्टेलमागची बाव. तिच्या पायऱ्यांवर बसून प्रोफेसरांच्या नकला करायच्या आणि कंटाळा आला की पाण्यात सूर मारायचा.

यंदा श्रावण आणि रमजान एकाच चंद्रावर आले. त्यामुळे दिवसा हॉटेलात सामसूम असते. संध्याकाळी बांग झाली की शब्बीर खजूर फोडतो आणि अर्धा माझ्या हातावर ठेवतो.

माझी तब्येत चांगली आहे. मध्ये जरा उतरली होती, आता जेवण जातं. खाणावळीतल्या प्रेमाबाई आपल्याच लिंगायत समाजाच्या, भाकरी झकास करतात. मध्ये का उतरली, असं तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. अव्वाला वाचून दाखवत असाल तर इथं जरा थांबा.

मुलगा बाटून येईल म्हणून सगळी भावकी आडवी आली होती, तरी तुम्ही मला पाठवलंत. निघताना एकच अट घातलीत: "लिंग अंगावर, तवर कालेज. ज्या दिवशी उतरंल, त्या दिवशी दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं."

गेल्या आठवड्यात बावीत सूर मारला आणि वर आलो तो गळा मोकळा. दोरा तुटून चांदीच्या डबीसकट लिंग पाण्यात गेलं होतं. अंधार पडेपर्यंत बुड्या मारल्या, पण माझा दम तो किती! लिंगपूजेशिवाय घास घ्यायचा नाही, म्हणून घेतला नाही. कुणाला सांगितलंही नाही. ट्रंक भरली आणि भरता भरता रडलो, अप्पा.

दुसऱ्या संध्याकाळी शब्बीरनं दिलेला खजूर मी गुपचूप खिशात टाकला. त्यानं पाहिलं.

"रोजा माझा हाय, आन् उपाशी तू? काय झालं, बोल की."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भर रोज्यात बावीवर हजर. मी म्हणालो, "पाणी पोटात गेलं तर रोजा तुटंल तुझा."

"परंड्याच्या किल्ल्याच्या बावीत शिकलोय म्या. हितलं पानी मला काय पाजतंय!"

दोनदा रिकामा वर आला. तिसऱ्यांदा बराच वेळ आलाच नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आला तो खोकतच, मूठ मिटलेली. डबी गाळात रुतली होती, ती ओढताना नाकातोंडात पाणी गेलेलं. मूठ माझ्यापुढे धरून म्हणाला, "घे. म्या उघडून बघितली न्हाय." मग हळूच, "रोजा गेला रे. अम्मीला कळवू नकोस."

दोऱ्याला गाठ मारून लिंग गळ्यात घातलं, पूजा केली, जेवलो. पण अट मोडली ती मोडलीच. लिंग अंगावरून उतरलं, डबीला दुसऱ्याचा हात लागला. लपवून शिकत राहता आलं असतं, पण पूजेला बसलो की तुमचा चेहरा समोर येतो. मला शिकायचंय अप्पा, लई शिकायचंय. तरी ट्रंक अजून भरलेलीच आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

आपला आज्ञाधारक, आणि अजून तरी विद्यार्थी,
वीरभद्र


परंडा,
५ सप्टेंबर १९४५

चिरंजीव वीरभद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाला न थांबता वाचून दाखवलं. ती रडली, मग माझ्यावरच घसरली. तिचं खरं आहे. दोरा जुना झालाय हे तू निघालास तेव्हाच मला दिसलं होतं. गिऱ्हाइकीच्या नादात नवा वळायचा राहिला. म्हणजे अट मोडली ती माझ्यामुळे. भावकीचं मी बघतो.

उपाशीपोटी ट्रंक भरलीस, पण बापाला एक कार्ड टाकलं नाहीस, याचा मात्र राग आहे. दिवाळीला आलास की बोलेन.

अव्वाच्या पोटात काही राहत नाही, तिनं शब्बीरच्या अम्मीला, फातिमाबींना सांगितलंच. त्या म्हणाल्या, "ईद झाल्यावर भरून काढंल की रोजा. पोरगं बुडालं न्हाय, त्यातच समदं आलं."

डबीला दुसऱ्याचा हात लागला म्हणतोस. सोबत नवा दोरा पाठवतो आहे. दोरा वळताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं. अव्वाचे हात पिठात होते, म्हणून ते फातिमाबींनी धरलं. घट्ट वळला गेलाय, मी ओढून पाहिला. तोच गळ्यात घाल.

ईदनंतर शब्बीर राहिलेला रोजा धरेल, त्या दिवशी तूही जेवायचं नाहीस. आणि संध्याकाळी त्यानं दिलेला खजूर खिशात टाकायचा नाही.

ट्रंक रिकामी कर.

तुझा अप्पा,
शरणबसप्पा