अंधारात वाचलेली अक्षरं

१२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

नमस्कार-चमत्कार तुला आवडत नाहीत, म्हणून एकच नमस्कार. आम्ही मायलेकी खुशाल. तू पिटुकलीसाठी खोलीला रंग दिलास, खिडकीपाशी टेबल लावलंस, हे वाचलं. उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती असं लिहिणार होते, पण गर्दी नव्हती.

"चष्म्याच्या दुकानात बसून पोर वाया जाईल," हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. म्हणूनच तिला तुझ्याकडे शिकायला पाठवते असं कळवलं. मध्ये एक गोष्ट घडली, ती आधी सांगते.

परवा एका आजोबांना त्यांची लेक घेऊन आली. बराच वेळ बाकावर बसले होते. आत खुर्चीत बसवून मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला, तर वरपासून खालपर्यंत घडाघड! मी पाठमोरी लिहीत होते. म्हटलं, "नजर उत्तम आहे." तेवढ्यात पिटुकली त्यांच्या कानाशी लागली आणि, तिच्या मते हळूच, म्हणाली, "आई तक्त्यावरचा दिवा लावायला विसरलीय. तुम्ही अंधारातच वाचलंत."

आजोबा गोरेमोरे झाले, मग हसत सुटले. बाकावर बसून आधीच्या गिऱ्हाइकांचं ऐकून पाठ केलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, एवढी घोकंपट्टी शाळेत केली असती तर!"

मला वाटलं, आता ही शेफारणार. पण तिने दिवा लावला, स्टूल ओढलं, त्यांच्याशेजारी बसली.

"मग तुम्हाला तिथे खरं काय दिसतं?"

"भिंत दिसते गं. वर मुंग्यांसारखं काहीतरी."

"चालताहेत?"

"नाही, बसल्यात."

"मग बरं. जवळ गेलो तरी पळणार नाहीत." आणि बोट धरून त्यांना तक्त्यापाशी घेऊन गेली.

ताई, मी इतकी वर्षं "दिसतंय ना?" असंच विचारत आले. लोक "हो" म्हणतात. हे ती कुणाकडून शिकली? माझ्याकडून नाही. रागावू नकोस, तुझ्याकडूनही नाही. आपण दोघी उत्तर बरोबर की चूक ते बघतो. ती चुकणाऱ्या माणसाला काय दिसतंय ते बघते.

तेव्हापासून मी तिला चोरून न्याहाळते. काल तिने शेजारच्या शिंप्याला विचारलं, डावी-उजवी बाही अदलाबदल झाली तर कोटाला कळतं का. बिचारा मशीन थांबवून विचारात पडला.

तू शिकवतेस त्या शाळेत ती हुशार होईल, यात शंका नाही. पण आता कुठे तिची ओळख होतेय मला. हे तिच्या भल्यासाठी म्हणते, की घर खायला उठेल म्हणून? दोन्ही असावं. किती कशाचं, ते मला वेगळं काढता येत नाही.

तिलाच विचारलं, "मावशीकडे राहशील?" तर म्हणाली, "का? मावशीला एकटीला करमत नाही का?"

तू कधी सांगितलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. आज विचारते. करमत नाही का गं, ताई?

मी तिला पाठवत नाही. सुट्टी लागली की आम्ही दोघी येऊ, आणि तू हाकलेपर्यंत राहू. रागाचं का होईना, पण उत्तर लिही.

आयुष्यात पहिल्यांदाच तुला 'नाही' म्हणणारी,
तुझी धाकटी