तळ्यातल्या बाभळीविषयी

एका सुताराच्या विधवा मुलीने दस्तऐवज लिहावा, हे धाडस तहसीलदारसाहेबांनी क्षमा करावे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदाचा आश्रय घेतला आहे.

मी सत्यभामा, कैलासवासी शालिकराम सुतार यांची एकुलती कन्या, वय एकोणीस, राहणार अकोला. क्षयाने देह खंगला असला तरी बुद्धी ठिकाणावर आहे आणि मजवर कोणाचेही दडपण नाही.

पहिले कलम. राहते घर मावशी पार्बताबाई यांस मिळावे. पुस्तके पंतोजींस परत करावीत. व्याकरणाच्या पुस्तकावर माझ्या हातून तेल सांडले, याची लाज वाटते.

दुसरे कलम. चुलतबंधू जानराव सुतार यांस काहीही देऊ नये. कारण सांगणे भाग आहे.

कापसाला सोन्याचा भाव आला आणि नत्थुजी पाटलांना बैलबंडीच्या चाकांभोवती लोखंडी पट्टीऐवजी चांदीची धाव हवीशी झाली. बाबा म्हणाले, "पाटील, चांदी बाईच्या पायात शोभते. लोखंडाची धाव लाल करून चढवली, पानी टाकलं, की ते आकसते अन् चाकाले आवळून धरते. चांदीत तो जोर नाई."

"लोखंड गरिबाच्या बंडीले, शालिकराम!" असे म्हणून पाटील जानरावदादांकडे गेले. दादांनी ओली बाभूळ तोडून आठ दिवसांत चाके दिली. उन्हाने लाकूड आकसले, आरे सैल झाले, आणि अमरावतीच्या वाटेवर, नाल्याच्या उतारावर चाक उकलले. गाडीवान पुंजाराम यांचा पाय गेला. पाटलांनी आधी चांदी गोळा करविली, मग माणूस उचलविला.

तिसरे कलम. बाबांनी मुरण्यासाठी तळ्यात बुडवून ठेवलेले बाभळीचे बावीस ओंडके. वर्षभर पाण्यात आणि पुढे वर्षभर सावलीत राहिल्यावाचून त्यांचे चाक करू नये. जानरावदादा रोज दारात येऊन म्हणतात, "सत्यभामे, कापूस वावरात थांबून राह्यला अन् तू लाकडं कुजवून राहिली. काहून वं?" त्याचे उत्तर हे कलम आहे.

ओंडके व बाबांची सर्व हत्यारे अब्दुल सत्तार लोहार यांस द्यावीत. ते सुतार नव्हेत. परंतु पाटलांच्या त्या चाकांवर धाव चढविण्यास नकार देणारे ते एकटेच होते. लाकूड मुरल्यावर योग्य सुतार तेच निवडतील. जातभाईंना राग येईल. येवो.

आज दुपारी दादा बैल लावून ओंडके ओढून काढणार आहेत, असे समजले. म्हणून इतर कलमे माझ्यामागे अमलात यावीत. तिसरे मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. लाकडे व हत्यारे मी आत्ताच दिली. सत्तारचाचा तळ्याच्या काठावर जाऊन बसले आहेत.

साक्षीदार: महादेवराव पंतोजी, शेजारीण दुर्गाबाई (निशाणी अंगठा)

सही: सत्यभामा शालिकराम सुतार

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, शके १७८६, सोमवार, ५ डिसेंबर १८६४. पंतोजींच्या हाती कचेरीत रवाना, सकाळी साडेनऊ वाजता.