फक्त स्थूल पुरुषांसाठी

४ मार्च, सोमवार. सकाळी १०.४०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे हे लोक नाकबूल करतील. आज दहा वाजून चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या ऑक्सिजन विभागातून मला मी बाई आहे म्हणून परत पाठवण्यात आलं. दारावर कागद: 'संशोधनासाठी स्थूल पुरुष हवेत.' बंद टाकीत बसवतात, हवेचा दाब वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. त्याने शरीर इन्सुलिनला जास्त दाद देतं का, ते पाहायचं आहे. मग ते माझ्यावर पाहा. घरचे डॉक्टर मला इंजेक्शनं सुरू करा म्हणून मागे लागलेत. मी आठ वर्षं साखरेच्या बॉर्डरलाइनवर आहे. सैनिकालासुद्धा इतकी वर्षं सीमेवर ठेवत नाहीत.

दुपारी ४
तक्रारीचा मसुदा तयार. आवक-जावक विभाग एकतीस वर्षं सांभाळला, पत्र कसं लिहितात ते मला कुणी शिकवू नये.
उजव्या पायाच्या अंगठ्याला नवा बूट लागतोय गेला आठवडाभर. प्लास्टरची पट्टी लावली.

७ मार्च
लेखी उत्तर नाही. तोंडी मिळालं, तेही एका पोरगेल्या संशोधिकेकडून. स्वतः बाई, आणि अभ्यास पुरुषांचा. म्हणे बायकांचे हॉर्मोन महिन्याच्या महिन्याला वरखाली होतात, आकडे बिघडतात. मी सदुसष्ट वर्षांची आहे, माझे चढउतार माझ्याआधीच रिटायर झाले, असं सांगितलं. हसली. हसणं हे उत्तर नव्हे.
मग धाकट्याला उभं केलं. माझा भाऊ, वय सत्तावन्न, वजन एकशे चार, पाणीखात्यात स्टोअरकीपर. बायको गेल्यापासून माझ्याकडेच असतो. जन्मात कशासाठी अर्ज केला नाही, आणि पहिल्या फटक्यात पात्र. सोबतचे नातेवाईक म्हणून सही माझी. एकदा पाय आत पडला की पुढचं मी बघते.

१२ मार्च
धाकट्याचा पहिला दिवस. सुती कपडे, डोक्याला तेल नाही, मोबाइल नाही. डोक्यावर पारदर्शक टोप चढवल्यावर बरणीत भरून ठेवल्यासारखा दिसत होता. एका हातातून इन्सुलिन, दुसऱ्या हातातून साखर. आमच्या ऑफिसात असा कारभार कुणी केला असता तर मेमो मिळाला असता.
बाहेरच्या फोनवरून आत बोलता येतं. ताठ बस, पोट आत घे, एवढंच मी सांगत होते. सातव्या सूचनेनंतर टेक्निशियनने फोन काढून घेतला.

१५ मार्च
संशोधिकेने आज बाहेरच्या फोनवरून आम्हा दोघांना समजावून सांगितलं. इन्सुलिन शरीराला सूचना देतं. सारखं सारखं देत राहिलं की शरीर दाद देईनासं होतं. मग इन्सुलिन आणखी ओरडतं, आणि शरीर आणखी बहिरं होतं. अगदी सोपं. धाकटा टोपाच्या आत इतका हसला की टोपावर वाफ धरली. का हसलास, विचारलं. काही नाही ताई, म्हणाला. माझ्या पाच प्रश्नांना मिळून हे एक उत्तर असतं. बसमध्ये आपणहून म्हणाला, बिचारं शरीर.

१९ मार्च
संकल्प: आजपासून गोड बंद. बिस्किटं गोडात धरलेली नाहीत, ती कोरडी असतात.
प्लास्टर बदललं. अंगठ्याच्या कडेला काळं दिसतंय, बुटाचा रंग उतरत असणार. दुकानदाराला पत्र लिहिलं. दुखत मुळीच नाही. जखम असती तर दुखली असती. माझ्या शरीरात तक्रार न करणारा तेवढा एकच अवयव आहे.

२३ मार्च
धाकट्याचे आकडे सुधारले. जरासेच, पण तो शीळ घालत फिरतोय आणि बिस्किटाला नको म्हणतोय. त्याच्या वाटणीची मलाच संपवावी लागतात.
जेवताना म्हणाला, ताई, कसला वास येतोय. ड्रेनेज, म्हटलं. नगरपालिकेला पत्र.

२८ मार्च
कुणी आलं नाही म्हणून स्वतः प्लंबर बोलावला. सगळी झाकणं उघडून बघितली. पाइप साफ आहेत, म्हणाला. मग नाक वर करून स्वयंपाकघरभर फिरला आणि माझ्या खुर्चीशी येऊन थांबला. बाई, वास तुमच्या बाजूने येतोय, म्हणतो. हाकलून दिला.
अंगात थोडी कणकण. हवा बदलली आहे. उजवा बूट आखडला, पायात जात नाही. सपाता आणि जाड मोजे.

१ एप्रिल
काय घडलं ते क्रमाने लिहिते.
टाकीच्या दाराशी संशोधिकेची नजर माझ्या मोज्यावर गेली. ओला होता. मला न विचारता खाली बसली आणि तिने मोजा काढला. मग तिने सर्जनना फोन लावला. सर्जन आले. साखर चारशे बारा, म्हणे. यंत्र तपासून घ्या, असं मी बजावलं. सर्जन म्हणाले, मधुमेहाने पायाची जाणीव गेली आहे, म्हणून दुखत नाही. ही नवीनच तक्रार: दुखत नाही.
संशोधिका म्हणाली, पहिल्या दिवशीच पाय दाखवला असता तर आत घेतलं असतं, बाई असलात तरी. अशा जखमांसाठीच तर टाकी आहे. यावर माझं उत्तर होतं. ते देत असताना धाकटा ओरडला. ताई, गप्प बस. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. त्याचे डोळे भरले होते.
मी गप्प बसले. तोंडात थर्मामीटर होता.

२ एप्रिल
टाकीत प्रवेश मिळाला. खुर्ची क्रमांक चार, धाकट्याच्या शेजारी. म्हणजे मुद्दा मी जिंकलेला आहे, याची नोंद असावी. फाइलवर 'रुग्ण' लिहिलंय, ते मागाहून बघू.
दाब वाढला की कान बंद होतात. धाकट्याने खुणेने दाखवलं, आवंढा गिळ. गिळला. कान मोकळे झाले. टोपात बोललेलं आपल्यालाच ऐकू येतं. नव्वद मिनिटं. निम्म्या वेळानंतर धाकट्याने माझा हात धरला, मी काढून घेतला नाही. त्याच्या हाताला सुया होत्या.
संध्याकाळी इन्सुलिन घेतलं. निषेध नोंदवून.

५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.१५
ड्रेसिंगच्या वेळी सर्जनना सरळ विचारलं, अंगठा राहील ना. बघू, म्हणाले. काळा भाग वर सरकला नाही तर राहील, नाहीतर काढावा लागेल, सोमवारी ठरवू. 'बघू' म्हणून फाइल पुढे ढकलणारे मी शेकड्यांनी पाहिलेत. धाकटा म्हणाला, ताई, त्यांनाही माहीत नसेल गं. असं कसं नसेल, डॉक्टर आहेत.
पत्राचा मसुदा, तीन प्रती:
महोदय, तोंडी आश्वासन मी स्वीकारत नाही, आणि आपण तर तेही दिलेलं नाही. माझ्या उजव्या पायाचा अंगठा राहणार किंवा कसे, याचं लेखी उत्तर सोमवार, ८ एप्रिल, सकाळी नऊच्या आत, सहीशिक्क्यानिशी मला मिळावं. कारणं दिली नाहीत तरी चालतील. 'राहील' एवढा एकच शब्द लिहिलात, तर शिक्काही नको.